सिव्हिल वॉर: कॉमिक एक, पिक्चर भलताच, असं का?

निवांत_वाचक:
मंडळी, मार्व्हलच्या सुपरहिरोंचं सिव्हिल वॉर हे कॉमिक एका बैठकीत संपवलं, मार्क मिलरने लिहिलेलं, २००६-०७ मधलं, आणि २०१६ चा पिक्चर आधीच बघितलेला त्यामुळे डोकं भंजाळलंय. कॉमिकमध्ये अमेरिकेतल्या स्टॅमफर्ड शहरात शाळेजवळ स्फोट होतो, शेकडो माणसं जातात, मग कायदा येतो, हिरोंनी खरी नावं सरकारदरबारी नोंदवायची, आणि स्पायडरमॅन चक्क पत्रकारांसमोर मास्क काढून सांगतो मी पीटर पार्कर. पिक्चरमध्ये बारा जण विमानतळावर मारामारी करतात, झालं! मग नाव तरी कशाला घ्यायचं?

मास्कवाला_मन्या:
दिग्दर्शकाला शिव्या घालू नका, वकिलांना घाला. मार्व्हल १९९६ ला दिवाळखोरीत गेली होती, त्या काळात ज्या पात्रांचे पिक्चरचे हक्क विकता आले ते विकले, एक्स-मेन फॉक्सकडे, स्पायडरमॅन सोनीकडे. कॉमिकमध्ये टोनीचा, म्हणजे आयर्नमॅनचा, उजवा हात म्हणजे फँटास्टिक फोरवाला रीड रिचर्ड्स, तोही तेव्हा फॉक्सकडेच. स्पायडरमॅन मिळाला तो फेब्रुवारी २०१५ च्या सोनीबरोबरच्या करारामुळे, म्हणजे अगदी ऐनवेळी. आता हा नवीन स्पायडरमॅन तेव्हा पहिल्यांदाच पडद्यावर आलेला, त्याने लगेच मास्क काढला तर धक्का कुणाला बसणार? तोच प्रसंग त्यांनी २०१९ साठी राखून ठेवला, स्पायडरमॅनच्याच फार फ्रॉम होम पिक्चरच्या शेवटी बातमीवाला जेम्सन टीव्हीवर मिस्टेरिओ या व्हिलनचा व्हिडिओ लावतो आणि भर चौकात पीटरचं नाव फुटतं.

पिंट्या_पुणेकर:
+१. क्विकसिल्व्हर हा वेगाने पळणारा हिरो आठवा, २०१४ ला फॉक्सचा, २०१५ ला मार्व्हलचा, दोन वेगळे नट. मार्व्हलवाल्यांना म्युटंट (एक्स-मेनसारखे जन्मजात शक्ती असलेले) हा शब्दच वापरता येईना म्हणून एन्हान्स्ड म्हणत बसले.

रटाळ_काका:
सगळं वकिलांच्या नावावर खपवू नका राव. थॅनॉस हा व्हिलन तर मार्व्हलच्या हातातलाच होता ना? १९९१ च्या कॉमिकमध्ये तो मृत्यूदेवीच्या प्रेमात पडलेला असतो, तिला खूश करायला अर्धं विश्व उडवतो. २०१८ च्या पिक्चरमध्ये त्याला लोकसंख्या आणि अपुऱ्या साधनांचं लेक्चर द्यायला लावलं. मला तो येडा प्रेमवीर जास्त आवडतो, पण थेटरात लोक हसले असते हेही खरंय. अवांतर: वॉचमेन या दुसऱ्या एका सुपरहिरो कॉमिकवरच्या २००९ च्या पिक्चरने कॉमिकची चौकट न् चौकट उचलली पण शेवटचा तो राक्षसी स्क्विड (माकूळ) गाळला, आणि २०१९ च्या सिरीजने बरोब्बर तोच स्क्विड धरून पुढची गोष्ट रचली. सिरीजला नऊ भाग मिळतात, जमतं.

निवांत_वाचक:
काका, ते थॅनॉसवालं कॉमिक तुमच्याकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाचून परत देतो.