मदत हवी आहे : तालुका वार्ताहरांच्या प्रशिक्षणासाठी सरावपाठ कसे आखावेत?

नमस्कार.

मी नागपुरातील एका मराठी दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर काम करतो. काटोल, रामटेक, उमरेड, कुही आणि भिवापूर या तालुक्यांतून बातम्या पाठवणाऱ्या तरुण वार्ताहरांना बातमीदारी आणि लेखन शिकवण्याची जबाबदारी संपादकांनी माझ्याकडे सोपवली आहे. यांपैकी बहुतेकांनी पत्रकारितेचे औपचारिक शिक्षण घेतलेले नाही. कुणी शेती सांभाळून, तर कुणी झेरॉक्सचे दुकान चालवून हे काम करतो. रविवारी ते नागपूरला येऊ शकतात, एरवी फोन आणि व्हॉट्सॲपवरच गाठ पडते. ज्यांनी असे वर्ग घेतले आहेत, किंवा अशा वर्गांत शिकून जे या व्यवसायात टिकले आहेत, त्यांचे मार्गदर्शन मला हवे आहे.

प्रशिक्षण म्हटले की आपल्याकडे शुद्धलेखनापासून सुरुवात होते. ऱ्हस्व-दीर्घाचे महत्त्व मला मान्य आहे, परंतु डेस्कवर येणारा मजकूर वाचताना माझे मत असे झाले आहे की, वाक्य बिघडते ते बहुतेक वेळा न विचारलेल्या प्रश्नामुळे. अपघाताची बातमी घ्या. ‘भरधाव ट्रकने दिलेल्या धडकेत दुचाकीस्वार जागीच ठार झाला, घटनेची माहिती मिळताच पोलिसांनी घटनास्थळी धाव घेतली’ हे वाक्य कोणत्याही तालुक्यातून, कोणत्याही दिवशी येऊ शकते. ट्रक भरधाव होता हे कोणी पाहिले? मृत्यू जागीच झाला की रुग्णालयात नेताना वाटेत? पोलीस किती वेळाने पोहोचले? त्याच वळणावर यापूर्वीही अपघात झाले आहेत का, आणि तेथे गतिरोधक बसवावा असा ठराव ग्रामपंचायतीने केला होता का? या प्रश्नांची उत्तरे हाती असतील तर साचेबद्ध शब्द आपोआप गळून पडतात, कारण लिहिण्यासारखे दुसरे काहीतरी मिळालेले असते. म्हणून मला लेखनाआधी विचारणे शिकवायचे आहे. पण तहसीलदारांसमोर किंवा ठाणेदारांसमोर उभे राहिल्यावर संकोचणाऱ्या मुलाला दुसरा आणि तिसरा प्रश्न विचारण्याची सवय कशी लावावी? वर्गात एकाला अधिकारी आणि दुसऱ्याला बातमीदार करून सराव घेण्याचा विचार आहे; त्याचा प्रत्यक्षात उपयोग होतो का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

आकडेवारीसाठी मी पैसेवारीचा, म्हणजे गावातील पीक प्रमाण उत्पादनाच्या तुलनेत किती आले याच्या सरकारी अंदाजाचा, विषय निवडला आहे, कारण तो प्रत्येकाच्या गावाशी जोडलेला आहे. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन टप्प्यांत ती जाहीर होते आणि अंतिम पैसेवारी 50 पैशांपेक्षा कमी आली की टंचाईच्या सवलतींचा प्रश्न पुढे येतो. तरीही बातमीत केवळ गावांची संख्या छापली जाते. आकडा कसा निघाला, पीककापणीचे प्रयोग कोणत्या शिवारात झाले, हे कोणी विचारत नाही. टक्केवारीचाही गोंधळ आहे. सोयाबीनचे उत्पादन एकरी 8 क्विंटलवरून 6 वर आले तर घट 25 टक्के असते, मात्र 6 वरून पुन्हा 8 वर गेले तर वाढ 33 टक्क्यांहून थोडी अधिक होते. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. असे आणखी हिशेब कोणी तयार केले असतील तर ते येथे द्यावेत.

सर्वांत अधिक काळजी मला शेतकरी आत्महत्येच्या बातम्यांची वाटते. ‘नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून’ हे शब्द चौकशी होण्याआधीच लिहिले जातात, आणि कोणत्या मार्गाने जीव दिला याचे वर्णन पहिल्याच परिच्छेदात येते. असे वर्णन टाळावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. दुसरीकडे, सरकारच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हास्तरीय समिती ठरवते, आणि त्या निर्णयानंतर कुटुंबाचे काय झाले, यावर मात्र फॉलोअप क्वचितच येतो. कर्ज बँकेचे होते की सावकाराचे, सातबारा कोणाच्या नावावर होता, प्रकरण अपात्र ठरले असेल तर कोणत्या कारणाने, या तपशिलांतून खरी बातमी उभी राहते. दुःखात असलेल्या घरी जाऊन हे कसे विचारावे, कधी विचारू नये, आणि कोणी बोलायला नकार दिला तर मुकाट्याने कसे परतावे, हे पुस्तकातून शिकवता येत नाही. ज्यांनी यवतमाळ किंवा अमरावती भागात ही बातमीदारी केली आहे, त्यांनी याबद्दल सविस्तर लिहावे, ही विशेष विनंती.

कायद्याचा भाग एका सत्रात आटोपेल असे वाटते. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे, आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे कलम 23 लागू होते. एवढे सर्वांना ठाऊक असते. लहान गावात वडिलांचा व्यवसाय आणि वस्तीचे नाव छापले की नाव न छापताही ओळख पटते, हे मात्र उदाहरणे देऊनच समजवावे लागेल.

आता भाषेबद्दल. हीच मुले फोनवर घटना सांगतात तेव्हा त्यांची वऱ्हाडी किंवा झाडीबोलीकडे झुकणारी बोली अतिशय नेमकी असते. लिहायला बसली की ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘करण्यात आले’ सुरू होते. कर्मणी रचनेत निर्णय कोणी घेतला हेच लपते, म्हणून तिच्यावर मी कात्री चालवतो. बातमी प्रमाण मराठीत असावी, पण माणसाचे म्हणणे अवतरणात त्याच्या बोलीत ठेवावे, असे मला वाटते. आमच्या डेस्कवर यावर एकमत नाही. गावच्या माणसाची बोली जशीच्या तशी छापली तर शहरी वाचकाला तो अडाणी वाटेल, असा काहींचा आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. इतर दैनिकांत हा प्रश्न कसा सोडवला जातो?

शेवटची अडचण व्यवहाराची आहे. वार्ताहराला छापून आलेली सुधारित बातमी दिसते, पण प्रत्येक बदल का केला हे कळत नाही. मूळ मजकूर आणि संपादित मजकूर शेजारी ठेवून, प्रत्येक बदलामागचे कारण समासात लिहून परत पाठवावे, असा माझा बेत आहे. मात्र रात्रीच्या डेडलाइनमध्ये हे रोज जमणार नाही. आठवड्यातून प्रत्येकाची एकच बातमी अशी तपासणे पुरेसे ठरेल का? हिवाळी अधिवेशन सुरू झाले की डेस्कला सवड राहत नाही, त्यामुळे डिसेंबरपूर्वी वर्ग पूर्ण करायचे आहेत. आपण वापरलेले सरावपाठ, किंवा नावे वगळलेले मूळ आणि संपादित मजकुराचे नमुने येथे दिल्यास ते मी थेट वर्गात वापरेन आणि वार्ताहरांचे त्यावर काय म्हणणे पडले ते याच धाग्यावर कळवेन.