मेलॅनोमाच्या रिपोर्टात ई-कॅडहेरिन लिहायचं की नाही?

मांडवी_मायक्रोस्कोप
बडोद्यात इम्युनो स्टेन (अँटिबॉडीने ठराविक प्रथिन रंगवणं) आता रोजचे झालेत, तरी मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कॅन्सरचा, रिपोर्ट जाडी, अल्सर आणि कडा यांच्यापुढे जात नाही. माझं म्हणणं, पेशींना एकमेकींशी चिकटवणाऱ्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाचा स्टेन नेमाने लावा. त्वचेच्या तळथरातली एक मेलॅनोसाईट (रंगपेशी) साधारण ३६ केरॅटिनोसाईट (त्वचेच्या वरच्या थराच्या मुख्य पेशी) सांभाळते आणि ई-कॅडहेरिनने शेजारणींना धरून राहते. ही पकड नुसती चिकटण्यापुरती नाही, तिच्यातूनच केरॅटिनोसाईट तिच्या वाढीला लगाम घालतात. ई-कॅडहेरिन जाऊन त्याचं भावंड एन-कॅडहेरिन आलं की तीच पेशी फायब्रोब्लास्टशी (तंतू बनवणाऱ्या पेशी) आणि रक्तवाहिनीच्या अस्तराशी जमवून घेते, कारण त्यांच्यावरही एन-कॅडहेरिनच असतं. गाठ आडवी पसरायची थांबून खोल उतरू लागते तेव्हा अल्फा-व्ही-बीटा-३ इंटिग्रिन हा चिकटणारा रेणूही दिसू लागतो. मेलॅनोमा पेशींत ई-कॅडहेरिन परत घातलं तर त्या पुन्हा केरॅटिनोसाईटच्या ताब्यात येतात, हे फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधल्या गटाने २००० साली दाखवलं. इतकं माहीत असून रिपोर्टात एक ओळ नको?

रावपुरा_पॅथ
नको. लिहून करणार काय? जाडी ०.८ मिमीच्या आत आणि अल्सर नाही तर गाठीची पायरी टी१ए, ०.८ ते १ मिमी, किंवा त्याहून पातळ पण अल्सर असलेली, तर टी१बी. तिथून सेंटिनेल नोड, म्हणजे गाठीकडून पहिली लागणारी लसीका ग्रंथी, तपासायचा विचार सुरू होतो आणि १ मिमीच्या पुढे सर्जन ते सुचवतोच. कडेचा, म्हणजे भोवतालची किती त्वचा काढायची याचा, हिशोबही जाडीवरच: १ मिमीपर्यंत १ सेंमी, २ मिमीच्या पुढे २ सेंमी. यातला एक आकडा तरी ई-कॅडहेरिनने हलतो का?

शिवाय वाचायचं कसं? जंक्शनवर (एपिडर्मिस हा वरचा आणि डर्मिस हा आतला थर जुळतो तिथे) एकटी मेलॅनोसाईट दोन केरॅटिनोसाईटमध्ये बसलेली असते. सामाईक सीमेवर तपकिरी रेघ उमटली तर ती कोणाची? केरॅटिनोसाईटचं कॅडहेरिन भरपूर असतं, रेघ बहुधा त्यांचीच. खात्रीने वाचता येतं ते फक्त डर्मिसमधल्या घोळक्यांत, आणि पेशी तिथवर उतरल्याचं एच-अँड-ई या नेहमीच्या साध्या रंगावरही दिसतं.

मांडवी_मायक्रोस्कोप
सीमेचा मुद्दा मान्य. म्हणूनच फक्त डर्मिसमधल्या घोळक्यांवर वाचावं आणि शेजारची एपिडर्मिस कंट्रोल म्हणून धरावी. ती गडद नसेल तर स्टेन बाद. पण ज्याने उपचार बदलत नाही ते लिहायचंच नाही, हा नियम लावला तर उद्या काहीच बदलणार नाही.

दांडिया_बाजार_टेक
वाद तुमचा चालू द्या, पण ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) येतात कसे ते आधी बघा. बाहेरगावचा तुकडा बऱ्याचदा बफर (आम्लता आवरणारे क्षार) नसलेल्या फॉर्मॅलिनमध्ये येतो, त्यात भर मे महिना. ॲसिड तयार होतं आणि रक्त असलेल्या जागी काळपट-तपकिरी फॉर्मॅलिन पिगमेंट साचतं. मग मेलॅनिन कुठलं, पिगमेंट कुठलं आणि डॅब या क्रोमोजेनचा (स्टेनला रंग देणारं द्रव्य) रंग कुठला, तिन्ही तपकिरी! पिगमेंट अल्कोहोलमधल्या पिक्रिक ॲसिडने जातं, मेलॅनिन जात नाही. एवढी खूण पुरते. बफरवालं फॉर्मॅलिन घरीच करा: बाजारातलं फॉर्मल्डिहाईड १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, मोनोसोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम. तुकड्याच्या दसपट घ्या.

काळ्याकुट्ट गाठीला डॅब लावूच नका, लाल क्रोमोजेन घ्या. त्यातलं एईसी घेतलं तर अल्कोहोलमधून नेऊ नका, रंग धुऊन जातो. पाण्यावर चालणाऱ्या माध्यमातच माउंट करा. मेलॅनिन परमँगनेटने ब्लीच केलं तर अँटिजेनही (रंगवायचं प्रथिन) मार खातो. आणि तळपायाचा काप चार्ज्ड (काप धरून ठेवणाऱ्या) स्लाईडवर नसेल तर रिट्रीव्हलमध्ये (अँटिजेन उघडा करायला काप तापवताना) वरचा जाड थर उचलला जातो आणि सगळा काप गुंडाळतो.

सयाजी_स्किन
तळपायाचा विषय निघालाच आहे म्हणून. आपल्याकडे मेलॅनोमा बराचसा तळपायावर आणि नखाखाली येतो, पेशंट त्याला कुरूप समजून पट्ट्या लावत बसतो. गाठ येते तेव्हाच जाड असते. अशा गाठीत कॅडहेरिन गेलंय की नाही याने मला काय फरक पडणार? त्यापेक्षा शेव्ह बायोप्सी (वरवर तासलेला तुकडा) घेऊन खोलीच कापून टाकतात, ते थांबवा.

चिकटणाऱ्या रेणूंवरची औषधंही बघून झाली. अल्फा-व्ही-बीटा-३ वरचं एटारासिझुमॅब पसरलेल्या मेलॅनोमात चाललं नाही. इंटिग्रिनवरच्याच सिलेंगिटाईडचंही तेच, मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कॅन्सरमध्येही ते तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत पडलं. वर उंदरांत कमी डोसमध्ये त्याने गाठीची वाढ आणि रक्तवाहिन्या वाढवल्या, हे २००९ मध्येच छापून आलंय.

बायोकेम_फतेगंज
औषध पडलं म्हणून जीवशास्त्र खोटं ठरत नाही. उंदरातली ती उलटी चाल हेच सांगते की डोस बदलला की इंटिग्रिन वेगळं वागतं. मात्र मांडवीकरांचं चित्रही फार सरळ आहे. मेलॅनोसाईट न्यूरल क्रेस्टमधून (गर्भातल्या मज्जासंस्थेच्या कडेच्या पेशी) येते, स्तनाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरचा साचा तिला जसाच्या तसा बसत नाही. स्लग हा रेणू बाकीकडे ई-कॅडहेरिन दाबणारा गुंड, पण निरोगी मेलॅनोसाईटमध्ये तो असतोच. गाठ बिघडते ती स्लग आणि झेब२ जाऊन त्याच जातीचे झेब१ आणि ट्विस्ट१ आले की. आणि शरीरात लांब पसरलेल्या गाठीत ई-कॅडहेरिन परत दिसू शकतं, कारण तिथे वस्ती करायची असते. म्हणजे एका दिवसाच्या एका कापावर 'नाही' लिहून काय कळणार?

प्रयोगवाल्यांसाठी एक: पेशी ट्रिप्सिन-ईडीटीएने (पेशी सोडवणारं मिश्रण) उचलून लगेच फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी एकेक मोजणारं तंत्र) ई-कॅडहेरिन मोजू नका. त्याचा बाहेरचा भाग कॅल्शियमवर ताठ उभा असतो. ईडीटीए कॅल्शियम काढून घेतं आणि ट्रिप्सिन तो भाग छाटतं. निकाल 'गेलं' असा येतो, गेलेलं काहीच नसतं. कॅल्शियम ठेवूनच ट्रिप्सिन वापरा.

रावपुरा_पॅथ
चिकटणारे रेणू मला नकोत असं नाही, बेर-ईपी४ ही अँटिबॉडी मी रोज लावतो. ती ज्याला धरते तो एपकॅमही चिकटणाराच. लहान बायोप्सीत त्वचेचा कॅन्सर बेसल सेल की स्क्वेमस सेल हे अडलं तर बेसल सेल रंगतो, स्क्वेमस सहसा नाही. तिथे उत्तराने उपचार बदलतो. तुमच्या स्टेनने बदलत नाही, एवढाच माझा आक्षेप.

मांडवी_मायक्रोस्कोप
उपचाराचंच म्हणता, तर टी-पेशींवरचं (गाठीशी लढणाऱ्या प्रतिकारपेशी) सीडी१०३ हे प्रथिन ई-कॅडहेरिनलाच धरतं. गाठीने ते टाकलं तर टी-पेशीला तिथे टिकून राहायची एक पकड कमी झाली. इम्युनोथेरपीच्या काळात हे निरर्थक नाही. बरं, नेमाने नको. १ मिमीपेक्षा जाड गाठींवर, डर्मिसमधल्या घोळक्यांपुरतं, लाल क्रोमोजेनने, आणि रिपोर्टात नाही तर वेगळ्या वहीत. चालेल?

रावपुरा_पॅथ
वहीला ना नाही. अँटिबॉडीचा खर्च पेशंटच्या बिलात आला तर मात्र ना आहे.

दांडिया_बाजार_टेक
आणि ब्लॉक बफरवाल्या फॉर्मॅलिनचेच. नाहीतर वहीत माझ्या पिगमेंटचीच नोंद होईल.