मदत हवी आहे: शिकारीच्या जुन्या शब्दांबद्दल

नमस्कार मंडळी. चोपडा-यावलकडच्या सातपुड्यातले शिकारीचे जुने शब्द गोळा करतोय. 1825 साली औट्रम साहेबाने धरणगावला भिल्लांची पलटण उभारली, तेव्हापासून साहेबलोकांच्या शिकारींची वर्णनं भरपूर सापडतात. पण माग काढणारा, हाका घालणारा (आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्याकडे हाकणारा) बहुतेक भिल्ल माणूस, आणि त्याचे शब्द लिहायला कुणालाच सुचलं नाही. साहेबाची बंदूक कुठल्या बनावटीची, ते मात्र बारकाईने लिहिलेलं!

हाका, मचाण, पाणवठा हे सगळ्यांनाच माहीत. मला अडतंय ते पुढचं. 'गारा' म्हणजे वाघाने मारलेलं जनावर, की आमिष म्हणून बांधलेला हेला (रेडा)? दोन्ही अर्थ ऐकलेत. हाका घालताना वाघ बाजूने निसटू नये म्हणून झाडांवर माणसं बसवत. वाघ दिसला की ती फांदीवर नुसती टकटक करत, ओरडत नसत. त्यांना अहिराणीत किंवा भिलोरीत काय म्हणत? ताजा आणि शिळा माग यांना वेगळे शब्द होते का? बाणाच्या पात्यांचे प्रकार सांगणारं कुणी घरात असेल तर फारच उत्तम.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली ते बरंच झालं, त्यावर वाद नको. आजोबा-पणजोबांच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा लिहा, सोबत तालुका लिहा. उच्चाराचा आवाज पाठवलात तर आणखी सोयीचं पडेल.