सांगाडा पिळू नये म्हणून

कागदी जहाजाच्या मॉडेलचा पुठ्ठ्याचा सांगाडा चिकटवल्यावर दुसऱ्या दिवशी नाळेचं (जहाजाच्या पुढच्या भागाचं) टोक ३ मिमी वर उचललेलं दिसतं, असा प्रश्न एकाने विचारलाय. माझ्या मते दोष बहुतेक वेळा पुठ्ठ्यात नसतो, पाण्यात असतो. पांढऱ्या फेविकॉलमधलं पाणी कागद शोषतो, फुगतो, आणि वाळताना एकाच बाजूने आकसतो. त्यामुळे सांगाड्याचे छापील कागदी भाग १ मिमी पुठ्ठ्यावर चिकटवताना पाणी नसलेला रबरी सोल्युशनसारखा गोंद पातळ लावा आणि मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा कागद डकवा. मग रात्रभर वजनाखाली.

'बिस्मार्क' ही जर्मन युद्धनौका १:२०० प्रमाणात सव्वा मीटरची होते, म्हणजे तळपट्टी (तळाची आडवी लांब पट्टी) तुकडे जोडूनच करावी लागते. तळपट्टीचा आणि मधल्या उभ्या पट्टीचा जोड एकाच जागी आणू नका. निदान दोन आडव्या फळ्यांचं (पुठ्ठ्याच्या आडव्या बरगड्यांचं) अंतर ठेवा.

फळ्या ज्यांत बसतात त्या खाचा फार महत्त्वाच्या. कागद चिकटवल्यावर पुठ्ठा १.२ मिमी होतो आणि खाच मात्र १ मिमीचीच राहते. फळी दाबून बसवली की प्रत्येक खाच पाचरीसारखी उघडते आणि वीस फळ्यांत अख्खा कणा केळ्यासारखा वाकतो. फळी स्वतःच्या वजनाने खाली सरकली पाहिजे, इतकी खाच कोरा.

सगळं आधी कोरडं जुळवा, जाड काचेवर वजनं ठेवून सरळ करा, मगच सांध्यांत पातळ सुपरग्लू सोडा. बाहेरचे पत्रे (जहाजाच्या बाजूंचे कागदी तुकडे) डावा-उजवा असे आळीपाळीने लावा. एक बाजू आधी पूर्ण केलीत तर पीळ कायमचा बसतो.