टीएसएच कमी असताना थायरॉइडमध्ये गाठ सापडली, तर कर्करोगाचा धोका किती?

प्रश्न

माझ्या आईचे वय ५२ आहे. सहा महिन्यांत तिचे वजन आठ किलोने उतरले, छातीत धडधड होऊ लागली आणि कपबशी धरताना हात थरथरू लागला. तपासणीत टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे पीयूष ग्रंथीचे संप्रेरक) जवळजवळ शून्य, टी३ आणि टी४ (थायरॉइडची स्वतःची संप्रेरके) बरेच वाढलेले निघाले. टीएसएच रिसेप्टरविरोधी प्रतिपिंडेही आढळल्यामुळे ग्रेव्हज आजाराचे (यात शरीराची स्वतःची प्रतिपिंडे थायरॉइडला जास्त काम करायला लावतात) निदान होऊन कार्बिमॅझोल हे संप्रेरके कमी करणारे औषध सुरू झाले आहे. मात्र सोनोग्राफीत उजव्या बाजूला १६ मिलिमीटरची गाठ दिसली. एक नातेवाईक म्हणतात की थायरॉइड वाढला की पुढे कर्करोग होतोच. दुसरे सांगतात की जास्त काम करणाऱ्या ग्रंथीत कर्करोग होत नाही, तेव्हा सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणी कशाला? यातले खरे काय?

उत्तर १ (पॅथॉलॉजी विभागात काम करतो)

आपल्याकडे 'थायरॉइड वाढला' हे टीएसएचचा आकडा वाढला तरी म्हणतात आणि ग्रंथी जास्त काम करू लागली तरी म्हणतात. वस्तुतः या दोन परस्परविरुद्ध अवस्था आहेत, कारण टीएसएच सहसा ग्रंथी कमी काम करते तेव्हा वाढते. आईंचे वजन उतरले ते वाढलेल्या संप्रेरकांमुळे, एवढे आधी मनाशी पक्के करावे.

दुसऱ्या नातेवाइकांच्या मताला थोडा आधार आहे. काही गाठी टीएसएचला न जुमानता स्वतःच संप्रेरक तयार करतात. न्यूक्लिअर स्कॅनमध्ये (किरणोत्सारी द्रव्य देऊन काढलेल्या चित्रात) त्या 'गरम' दिसतात आणि प्रौढांमध्ये अशा गाठीत कर्करोग क्वचितच आढळतो. त्यामुळे टीएसएच कमी असताना गाठ सापडली, तर आधी स्कॅन करतात, आणि गाठ गरम निघाली तर सहसा सुई टोचत नाहीत. परंतु ग्रेव्हजमध्ये ग्रंथीला चेतवतात ती प्रतिपिंडे, आणि त्याच ग्रंथीत एखादी 'थंड' (संप्रेरक तयार न करणारी) गाठ वेगळीच असू शकते. शेजारची ग्रंथी जोरात चालते म्हणून त्या गाठीला अभय मिळत नाही. तिच्या कडा वेडीवाकड्या आहेत का, आत चुन्याचे बारीक कण आहेत का, ती रुंदीपेक्षा उंच आहे का, हे सोनोग्राफीच्या अहवालात पाहावे. कोणत्याही थायरॉइड गाठीत कर्करोग निघण्याचे प्रमाण साधारण ७ ते १५ टक्के मानले जाते, म्हणजे बहुतेक गाठी निरुपद्रवीच असतात.

उत्तर २

माझी गाठ गरम निघाली होती, त्यामुळे सुई टळली आणि रेडिओआयोडीन (थायरॉइडच्या पेशी नष्ट करणारे किरणोत्सारी आयोडीन) घेऊन प्रश्न मिटला. आपल्या आईंनाही पुढे कधी रेडिओआयोडीन सुचवले गेले, तर त्याआधी या गाठीचा निकाल लागलेला असणे अत्यावश्यक आहे, कारण ती कर्करोगाची निघाली तर पहिला उपचार शस्त्रक्रियेचा असतो.

उत्तर ३

ग्रेव्हजच्या रुग्णांत कर्करोग जास्त आढळतो, असे वाचले की घाबरायला होते. पण या रुग्णांची सोनोग्राफी वारंवार होते, काहींची ग्रंथी काढून तिचे बारीक काप तपासले जातात, आणि शोधले की सापडते. दक्षिण कोरियात सोनोग्राफीने सरसकट तपासणी सुरू झाल्यावर २०११ साली थायरॉइड कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले, मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले. अर्थात हा युक्तिवाद धडधाकट माणसांच्या तपासणीबद्दलचा आहे. आधीच दिसलेली १६ मिलिमीटरची गाठ त्याच्या आधारे सोडून देता येणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. अहवाल पुन्हा काढून पाहिला. त्यात गाठीच्या कडा अस्पष्ट असल्याची नोंद आहे, जी आम्ही सारे आकड्यातच अडकल्यामुळे वाचलीच नव्हती. एंडोक्रायनॉलॉजिस्टना (संप्रेरकांच्या आजारांचे तज्ज्ञ) दाखवले असता त्यांनी बुधवारी स्कॅन ठरवले आहे आणि गाठ थंड निघाल्यास त्याच आठवड्यात सुईने तपासणी होईल. आईला मी एवढेच सांगितले आहे की सुई रक्त काढण्याच्या सुईपेक्षा जाड नसते.