मदत हवी आहे : हार्मोनचे इंजेक्शन आणि हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग

नमस्कार. माझे वडील ७२ वर्षांचे असून त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे निदान अलीकडेच झाले. पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात उतरणारे प्रथिन) १४० आला, पुढे कर्करोग कुठे पसरला ते दाखवणारा पीएसएमए पेट स्कॅन झाला आणि त्याच्या अहवालात कमरेच्या दोन मणक्यांत व कटीच्या हाडात उजवीकडे ‘स्क्लेरोटिक’ घाव असल्याचे लिहिले आहे. वृषणांत तयार होणारे टेस्टोस्टेरॉन या पेशींना वाढवते, म्हणून ते थांबवणे हा उपचाराचा पाया आहे, असे सांगून डॉक्टरांनी बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या सुरू केल्या आणि काही दिवसांनी ल्युप्रोलाइडचे तीन महिने पुरणारे इंजेक्शन दिले.

इंजेक्शनानंतरच्या आठवड्यात कंबरदुखी इतकी वाढली की कूस बदलतानाही त्यांना आईचा हात धरावा लागे. आता दुखणे बरेच उतरले आहे. मात्र या इंजेक्शनांनी हाडे ठिसूळ होतात असे माझ्या थोरल्या भावाच्या वाचनात आले असून, हाडे ठिसूळ झाली की कर्करोगाला तिथे आयतेच रान मोकळे मिळेल, तेव्हा पुढचे इंजेक्शन घेऊच नये, असा त्याचा आग्रह आहे. शिवाय ‘स्क्लेरोटिक’ म्हणजे घट्ट झालेले हाड, मग ते मोडण्याची भीती डॉक्टर का घालतात, हेही आम्हाला उमगत नाही. पुढच्या भेटीपूर्वी घरात एकवाक्यता व्हावी, म्हणून जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे. कर्करोगतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगतो. आपल्या बंधूंची शंका निराधार नाही, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष घातक ठरू शकतो. इंजेक्शन परस्पर बंद करू नये.

आधी दुखण्याविषयी. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवण्याचा संदेश देते आणि ल्युप्रोलाइड तिला सुरुवातीला चेतवते, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन काही दिवस उलट वाढते. सतत चेतवली गेलेली ही ग्रंथी नंतर दाद देईनाशी होते आणि साधारण तीन-चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन तळाला जाते. मधल्या काळात कर्करोगाच्या पेशींना ते मिळू नये म्हणूनच बायकॅल्युटामाइड दिलेले असते. तरीही कधी पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा आला, अथवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब येत असण्याची शक्यता धरून त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.

या उपचाराची जुनी साक्ष १९४१ सालची आहे. शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी प्रोस्टेटचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांचे वृषण काढल्यावर त्यांच्या रक्तातील ॲसिड फॉस्फटेज (हा कर्करोग पसरला की रक्तात वाढणारे विकर) उतरते, असे दाखवले. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे हाडांत बसलेल्या पेशीही टेस्टोस्टेरॉनवर पोसल्या जातात, हे तेव्हाच कळले होते.

आता बंधूंच्या मुद्द्याकडे येतो. पुरुषांचे हाड राखण्यात टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या इस्ट्रोजेनचा वाटा मोठा असतो. दोन्ही घटली की हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर राहत नाही, आणि हाड झिजताना त्यात साठलेली वाढपोषक प्रथिने मोकळी होतात, जी तिथे दडलेल्या कर्करोगाच्या पेशींना उपयोगी पडू शकतात. उंदरांवरील प्रयोगांत वृषण काढल्यानंतरच्या हाडांच्या झिजेमुळे अशा सुप्त पेशी वाढल्याचे आणि हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रॉनिक आम्लाने ती वाढ रोखली गेल्याचे दिसले आहे. माणसांत मात्र चित्र इतके सरळ नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत डेनोसुमॅब या झीज रोखणाऱ्याच दुसऱ्या औषधामुळे हाडांतील प्रसार सुमारे चार महिने लांबला, पण रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. याउलट, टेस्टोस्टेरॉन मोकळे सोडले तर आजार पसरतो, याबद्दल दुमत नाही. झीज थांबवायची असेल तर झिजेवर औषध घ्यावे.

‘स्क्लेरोटिक’ हाड क्ष-किरणात पांढरे व दाट दिसते, कारण कर्करोगाच्या पेशी हाड बांधणाऱ्या पेशींना डिवचतात. पण ते हाड घाईत, ओळंबा न लावता रचलेल्या भिंतीसारखे असते. माल भरपूर, मजबुती कमी.

डॉक्टरांना डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमविषयी अवश्य विचारावे. अबिराटेरोनसारखे दुसरे औषध जोडायचे का, हेही विचारावे. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी आणि खुद्द गाठही पुरुषी हार्मोन बनवतात आणि ल्युप्रोलाइड त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, अबिराटेरोन मात्र ती निर्मितीही रोखते. अबिराटेरोनसोबत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घ्यावे लागते आणि तेही हाडांना मारक असते, म्हणून डेक्सा लवकर झालेली बरी.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. भावाला हे वाचून दाखवले. पुढचे इंजेक्शन ठरल्या दिवशी घेण्यास तो राजी झाला आहे. वडिलांची एक दाढ किडली असून ती काढायची आहे. हाडांचे औषध त्याआधी सुरू केले तर चालेल का?

प्रतिसाद

दाढ आधी काढून घ्या आणि जखम पूर्ण भरू द्या. झोलेड्रॉनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब सुरू असताना दात काढल्यास जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो, म्हणून दंतवैद्यांना हे औषध द्यायचे ठरते आहे असे स्पष्ट सांगा. झोलेड्रॉनिक आम्लापूर्वी रक्तातील क्रिएटिनिनही (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते यावरून कळते) तपासावे लागेल.