'मोअर परफेक्ट' चूक की बरोबर?

'परफेक्ट', 'युनिक', 'फुल' यांचा अर्थच टोकाचा, म्हणून त्यांना 'मोअर', 'मोस्ट' लावणं चूकच, हे मत मला जरा जास्तच कडक वाटतं. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेची उद्देशिकाच 'मोअर परफेक्ट युनियन' घडवण्याची भाषा करते. ती लिहिणाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं असं कोण म्हणेल?

मुळात ही सगळी विशेषणं एका माळेचे मणी नाहीत. 'फुल', 'एम्प्टी', 'स्ट्रेट' यांच्यामागे मोजपट्टी आहे आणि शब्द तिच्या शेवटच्या टोकाला बसतो. म्हणून 'ऑलमोस्ट फुल', 'कम्प्लीटली एम्प्टी' चालतं. 'धिस ग्लास इज फुलर दॅन दॅट वन' म्हणताना दोन्ही ग्लास काठोकाठ भरलेले नसतात. टोकाच्या जास्त जवळ कोणता, एवढंच सांगायचं असतं. 'मोअर परफेक्ट'चंही तेच. 'डेड'मागे अशी पट्टी नाही, त्यामुळे 'डेडर' फक्त विनोदात. ('व्हेरी प्रेग्नंट' बोलण्यात ऐकू येतं खरं, पण तिथे दिवस भरत आलेत असं म्हणायचं असतं.)

खरी भांडणं होतात ती 'व्हेरी युनिक'वरून. 'एकमेव' या मूळ अर्थाशेजारी १९ व्या शतकात 'असामान्य' हा सैल अर्थ रुळला. मग त्याला 'व्हेरी' लागणं ओघानेच आलं. तरी परीक्षेत किंवा चिकित्सक संपादकापुढे मी ते टाळेन. 'ऑलमोस्ट युनिक'ला मात्र कट्टर व्याकरणवालेही सहसा हरकत घेत नाहीत.